उणे पाच तासांचा प्रवास

अर्ज अवघ्या पंधरा दिवसांच्या रजेचा होता. चार ओळींचा. त्यातल्या दोन 'महोदय' आणि 'आपला विश्वासू' यांनीच खाल्ल्या होत्या. एवढ्याशा अर्जापायी एका सरळमार्गी माणसाला पृथ्वीच्या आकाराबद्दल, घड्याळाच्या प्रामाणिकपणाबद्दल आणि शेवटी स्वतःच्या असण्या-नसण्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागेल, असं कुणी मोजणीसाहेबांना आधी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं असतं.

मोजणीसाहेब म्हणजे भूमापन कार्यालयातले मोजणी अधिकारी. एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. दोन सख्खे भाऊ बांधावर एकमेकांचा गळा धरून उभे असले, तरी हे मधून शांतपणे साखळी ओढत न्यायचे आणि आकडा सांगायचे. भाऊ गळे सोडायचे. साहेबांच्या आकड्यावर आजवर अपील झालं नव्हतं. हा बाणा घरातही सुटायचा नाही. किराणा दुकान चार पावलांवर आहे असं कुणी म्हणालं, की हे चष्मा वर करून "एकशे बारा" म्हणणार. बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे सगळं समजून घेतलं होतं, म्हणजे ऐकणं सोडून दिलं होतं.

मुलगी समुद्रापलीकडे दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी जन्मले तेव्हा तुम्ही कालव्याच्या मोजणीवर होतात. अकराव्या दिवशी उगवलात. बाळाच्या वेळी तरी वेळेवर या. आणि 'बघतो' म्हणू नका, 'येतो' म्हणा."

"येतो," मोजणीसाहेब म्हणाले. बायको शेजारी बसली होती, त्यामुळे साक्षीदारासह म्हणाले. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची पाच तारीख दिली होती. जावयाने तीन तारखेची विमानाची तिकिटं काढून पाठवली. आता राहिली फक्त रजा.

कार्यालयाचे हेडक्लार्क हे नियमांचे कोठार होते. त्यांना सगळे पाठीमागे 'पोटकलम' म्हणत. समोर म्हणायची सोय नव्हती, कारण त्यावरही एक कलम असण्याची शक्यता होती.

"अर्ज चांगला आहे साहेब," पोटकलम म्हणाले. "कारणही चांगलं आहे. 'मुलीच्या प्रसूतीसमयी उपस्थित राहणे.' पण प्रवासकाळ मागितलेला नाही."

"म्हणजे?"

"रजा वेगळी आणि जाण्या-येण्याचे दिवस वेगळे. ते मागितल्याशिवाय रजा पुढे सरकत नाही."

"मला नकोत ते दिवस. पंधरा दिवसांत सगळं बसतं."

"तुम्हाला नको असून कसं चालेल? ते तुमचे थोडेच आहेत? ते नियमाचे आहेत." पोटकलमांनी एक जाडजूड पुस्तक काढून बोट फिरवलं. "दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ यांचा दाखला जोडा. दाखला सक्षम मोजणी अधिकाऱ्याचा हवा."

"इथला सक्षम मोजणी अधिकारी मीच आहे."

"मग तुमचं काम सोपं झालं," पोटकलम म्हणाले. "त्यांना पत्र लिहा."

मोजणीसाहेबांनी स्वतःला पत्र लिहिलं. ते स्वतःच आवक वहीत चढवलं, स्वतःच्या टेबलावर ठेवलं, आणि दुसऱ्याचं काम आधी करायचं या तत्त्वामुळे दोन दिवस बाजूला ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते कामाला लागले.

कार्यालयाच्या भिंतीवर जगाचा भला मोठा नकाशा होता. त्यावर त्यांचा देश अगदी उजव्या टोकाला आणि मुलीचा देश अगदी डाव्या टोकाला. साहेबांनी स्टुलावर चढून दोरा लावला. उजवीकडून निघाले ते वाळवंटं, डोंगर, एक समुद्र, दुसरा समुद्र असं करत डावीकडे पोहोचले. मग शिस्तीप्रमाणे डावीकडून उजवीकडे परत आले. कारण या कार्यालयात कुठलंही माप जाऊन-येऊन दोनदा घ्यायचं, दोन्हींची सरासरी काढायची आणि तीच खरी मानायची, असा दंडक होता. जाताना आणि येताना दोन्ही वेळा उत्तर आलं सतरा हजार दोनशे किलोमीटर. साहेबांनी सही-शिक्क्यानिशी स्वतःला दाखला दिला आणि स्वतःकडून तो पोच सहीने घेतला.

संध्याकाळी हा आकडा त्यांनी जिन्यात विमानकाकांना सांगितला. विमानकाका वरच्या मजल्यावर राहत. ते आयुष्यात एकदाच विमानात बसले होते, आणि तेव्हापासून इमारतीतला कुणीही विमानाने जाणार असला की आधी त्यांचा सल्ला घ्यावा लागे. न घेतला तर ते खाली येऊन देत.

"सतरा हजार? शक्यच नाही," विमानकाका म्हणाले. "मी गेलो तेव्हा दीड तासात पोहोचलो होतो. हां, खिडकीची जागा घ्या, पण पंखावरची नको. कानात कापूस. चपला काढायच्या नाहीत, पाय सुजतात, परत जात नाहीत आत. आणि वर गेल्यावर खाली बघायचं नाही."

"मग खिडकीची जागा कशाला?"

"बाकीच्यांना मिळू नये म्हणून," काका म्हणाले.

बायको मागे भाजीची पिशवी घेऊन उभी होती. तिने फोनवर काहीतरी दाबलं आणि सहज म्हणाली, "अहो, इथे तर नऊ हजार सहाशे दाखवतंय."

मोजणीसाहेब जिन्यातच बसले. तसं त्यांना कुणी चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सात हजार सहाशे किलोमीटरची चूक! ज्या माणसाने तीन फुटांसाठी एकदा आठ महिने फाईल बंद होऊ दिली नव्हती, त्याच्या हातून सात हजार सहाशे किलोमीटर गहाळ झाले होते. त्यांना रात्री जेवण गेलं नाही. बायकोने त्यांच्या ताटातलं काढून झाकून ठेवलं आणि म्हणाली, "खालच्या बाईंना विचारा. त्या शिकवायच्या ना भूगोल."

भूगोलाच्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांना विद्यार्थी मिळत नव्हते. त्यांनी मोजणीसाहेबांना खुर्चीवर बसवलं, पृथ्वीचा गोल समोर ठेवला आणि विचारलं, "पृथ्वी कशी आहे?"

"गोल," मोजणीसाहेब म्हणाले. आपण हात वर करून उत्तर द्यायला हवं होतं की काय, असं त्यांना वाटून गेलं.

"मग नकाशाच्या उजव्या कडेच्या पलीकडे काय आहे?"

"भिंत."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग दोरा घेतला, एक टोक इथल्या विमानतळावर धरलं, दुसरं मुलीच्या, आणि ताणला. नकाशाची उजवी कड जिथे आली असती तिथून दोरा बाहेर पडला, महासागराच्या वर चढला, थेट बर्फाच्या शेजारून गेला आणि डाव्या कडेने आत शिरला.

"हे विमान नकाशातून बाहेर जातं?" मोजणीसाहेबांनी दोऱ्यावर बोट ठेवून विचारलं.

"सगळीच जातात."

"हद्द ओलांडून?"

"हद्दच नाही तिथे. तुम्ही पृथ्वीला उलटी प्रदक्षिणा घालून निघाला होतात." बाईंनी गोल हळूच फिरवला. "आणि हा दोरा वर चढलेला दिसतो ना, तरी हाच सगळ्यात जवळचा रस्ता. नकाशावरची सरळ रेघ हा लांबचा वळसा असतो."

मोजणीसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या खात्यात जमीन सरकणं हा गंभीर प्रकार समजला जातो. पृथ्वी गोल आहे हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, पण ती कामकाजाच्या दिवशीही गोल असते याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी सरळ रेघा मारल्या. त्यातल्या किती भावांना आपण वळसा घातला, या विचाराने त्यांना घाम फुटला. बाईंनी त्यांना पाणी दिलं, गृहपाठ दिला आणि पुन्हा गुरुवारी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी मोजणीसाहेबांनी स्वतःच्या दाखल्यात चूक असल्याचं स्वतःला कळवलं. स्वतःकडून खुलासा मागवला, तो असमाधानकारक वाटला, तरी एकतीस वर्षांची स्वच्छ सेवा लक्षात घेऊन समज देऊन सोडलं. नवा दाखला नऊ हजार सहाशेचा निघाला. पोटकलमांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"अंतर झालं. आता वेळ. जातानाची आणि येतानाची."

"ती तिकिटावर छापलेलीच आहे," मोजणीसाहेब म्हणाले आणि त्यांनी तिकीट पुढे केलं. या बाबतीत तरी आपल्याला काही मोजायचं नाही, म्हणून ते जरा सैल बसले होते.

पोटकलम वाचू लागले. "निघण्याची वेळ, तीन तारीख, दुपारी दोन वाजून पाच मिनिटं. पोहोचण्याची वेळ, तीन तारीख, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं."

पोटकलमांनी बोट पुन्हा पहिल्या ओळीवर आणलं.

"दुपारी दोनला निघून त्याच दिवशी सकाळी नऊला पोहोचता तुम्ही?"

"दाखवा," म्हणून मोजणीसाहेबांनी तिकीट ओढून घेतलं. तारीख तीच होती. सकाळ तीच होती. त्यांनी तिकीट उजेडात धरलं, जणू पाठीमागून वेगळी वेळ दिसणार होती.

"उणे पाच तास," पोटकलम म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता. तीस वर्षांत असं प्रकरण त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं. "मी शून्यापर्यंतचे प्रवासकाळ पाहिलेत. शेजारच्या इमारतीत बदली झालेल्या माणसाला शून्य दिलं होतं. पण उणे? म्हणजे दिवस द्यायचे सोडा, कार्यालयालाच तुमच्याकडून पाच तास येतात."

"अहो, छापायची चूक असेल!"

"येतानाचं बघू. निघणार सकाळी अकराला. पोहोचणार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला. एकोणतीस तास." पोटकलमांनी पेन खाली ठेवलं. "रस्ता तोच. अंतर तेच. जाताना उणे पाच आणि येताना एकोणतीस. साहेब, तुमच्या हातचं माप असं कधी नसतं."

मोजणीसाहेबांना हे वाक्य फार लागलं. ते थेट विमान कंपनीच्या कचेरीत गेले. काचेपलीकडच्या मुलीला त्यांनी दोन्ही तिकिटं दाखवली आणि खुलासा मागितला. मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, दोन्ही वेळा बरोबर आहेत. तिथल्या घड्याळाप्रमाणे आहेत." मोजणीसाहेब म्हणाले, "तिथलं घड्याळ दुरुस्त करून घ्या." मुलगी पुन्हा गोड हसली आणि त्यांच्या मागच्या माणसाला बोलावलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, तिकडे आपल्यापेक्षा सोळा तास मागे असतात," ती म्हणाली. "मी रोज सकाळी फोन करते तेव्हा ती कालच्या संध्याकाळचा चहा पीत असते."

"कालच्या?"

"हो. तीन वर्षं झाली की. तुम्हाला काय वाटायचं, ती सकाळी सकाळी दमून का बोलते?"

मोजणीसाहेब बायकोकडे बघतच राहिले. ही बाई तीन वर्षं रोज कालच्या दिवसाशी बोलत होती आणि तिने याची कुठे नोंद केली नव्हती. त्या रात्री त्यांनी कागद घेऊन उणे पाच आणि एकोणतीस यांची बेरीज केली, दोनाने भागलं, आणि उत्तर आलं बारा. सोळा तासांचा घोळ जाताना जेवढा उणा, येताना तेवढाच अधिक. जाऊन-येऊन सरासरी काढली की तो आपोआप पुसला जात होता. दंडक खरा निघाला! मोजणीसाहेब इतके खूश झाले की त्यांनी बायकोला उठवून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली.

पोटकलमांनी 'बारा तास' वाचलं, मान डोलावली आणि कागद फाईलला लावला. "उत्तम. वेळेचा रकाना फक्त माहितीसाठी असतो. दिवस अंतरावर मिळतात. वाहन कोणतंही असो, दर चारशे किलोमीटरला एक दिवस. हा नियम खूप जुना आहे."

"किती जुना?"

"वाहनं कोणती होती त्यावरून बघा," पोटकलम म्हणाले. "नऊ हजार सहाशे भागिले चारशे, चोवीस दिवस. जाताना चोवीस, येताना चोवीस."

मोजणीसाहेब तोंड उघडं टाकून घरी गेले. ज्यांना एकही दिवस नको होता, त्यांना अठ्ठेचाळीस मिळाले होते. विमानकाका म्हणाले, "मला दीड तासाला अर्धा दिवससुद्धा दिला नव्हता हो!" आणि दोन दिवस बोलले नाहीत.

मंजुरीचा आदेश सोळा तारखेला टेबलावर आला. मोजणीसाहेबांनी तो वाचला, चष्मा पुसून परत वाचला. रजा पुढच्या महिन्याच्या तीन तारखेपासून होती. नियमाप्रमाणे प्रवासकाळ रजेच्या लगेच आधी भोगायचा होता. तीन तारखेच्या मागे चोवीस दिवस मोजले की येते या महिन्याची नऊ तारीख. म्हणजे आदेश हातात पडायच्या सात दिवस आधीच मोजणीसाहेब प्रवासाला निघालेले होते.

"आज सोळा," पोटकलम दारात उभे राहून हिशेब करत म्हणाले. "दिवसाला चारशेप्रमाणे आपण आता इथून दोन हजार आठशे किलोमीटरवर आहात. समुद्र लागला असेल."

"मी इथे बसलोय!"

"तेच तर." पोटकलमांनी दुसरा कागद वाचून दाखवला. "'आपण दिनांक नऊपासून प्रवासात असताना कार्यालयात विनापरवाना हजर राहून कामकाज केल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत खुलासा करावा.' हा तुमच्या हातात देता येत नाही, कारण तुम्ही इथे नाही. तिकडच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवतो."

साहेबांनी सात दिवसांत मोजलेल्या चार जमिनी रद्द ठरल्या. हजेरीपटावरच्या त्यांच्या सह्यांभोवती लाल गोल आले. म्हातारे शिपाईमामा चहाची किटली घेऊन आले, सगळ्यांना चहा दिला आणि साहेबांच्या टेबलापाशी येऊन अवघडून उभे राहिले. "साहेब, तुमचा कप लिहायचा कुणाच्या नावावर?" एकतीस वर्षं ज्या खुर्चीत बसून माणूस इतरांच्या जागा ठरवत आला, त्या खुर्चीत तो स्वतः बसलेला आहे हे कुणी मानायला तयार नव्हतं. मोजणीसाहेबांना फार अपमान वाटला. ते पिशवी उचलून उठले, आणि उठताना त्यांना कुणी थांबवलंही नाही.

सतरा तारखेला सकाळी घरचा फोन वाजला. पलीकडे जावई. त्याचा आवाज घाईचा होता. "बाबा, डॉक्टर म्हणतात बाळ पाच तारखेपर्यंत थांबणार नाही. एक-दोन दिवसांत काय ते. हिला दाखल केलंय."

मग मुलीने फोन घेतला. "बाबा, धावपळ करू नका. मला माहीत आहे, तुमची रजा तीनपासून. तुम्ही आता 'बघतो' म्हणणार." तिचा आवाज बारीक झाला होता.

कालव्याचा तो काठ मोजणीसाहेबांना दिसला, हातात आलेली तार दिसली, आणि 'एवढी दोन हेक्टर संपली की निघू' म्हणणारे आपण दिसलो. पुन्हा तेच? आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुणाचीच परवानगी नको आहे.

"मी निघालोय," ते म्हणाले.

"कधी?"

"नऊ तारखेला."

"आईला फोन द्या," मुलगी म्हणाली.

काचेपलीकडच्या त्याच मुलीने तिकिटं बदलून दिली, अठरा तारखेची, दुपारी दोन पाचची. मोजणीसाहेबांनी या वेळी घड्याळाबद्दल चकार शब्द काढला नाही. भूगोलाच्या बाईंनी प्रवासात वाचायला एक पुस्तक दिलं. विमानकाका रुसवा विसरून कापूस घेऊन आले.

विमानात बायको बसल्या बसल्या झोपली. मोजणीसाहेबांनी मात्र समोरच्या पडद्यावरच्या नकाशावरून डोळे हलवले नाहीत. छोटंसं विमान उजव्या कडेकडे सरकत चाललं होतं. कड चार बोटांवर आली, दोन बोटांवर आली. साहेबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. "अहो, बघताय ना?" त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला हलवलं. मग नकाशाच हळूच सरकला, आणि डाव्या टोकाची जमीन चक्क उजव्या टोकाला येऊन चिकटली. सगळ्या विमानात कुणी ओरडलं नाही. एका माणसाने फक्त पाणी मागितलं. खिडकीबाहेर अठरा तारखेचा सूर्य मावळला, थोड्या तासांनी उगवला, आणि तरी ती अठरा तारीखच होती. साहेबांनी उगवतीला हात जोडले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

सकाळी नऊ वाजता ते उतरले आणि सामानासकट दवाखान्यात पोहोचले. मुलगी पलंगावर घामाने भिजलेली. तिने आईचा हात धरला, मग बापाकडे पाहिलं आणि तिचा विश्वासच बसेना.

"बाबा? रजा मिळाली?"

"रजा तीनपासून आहे," मोजणीसाहेब म्हणाले. "अजून पंधरा दिवस मी वाटेतच आहे."

कळ येता येता ती हसली. मग तिला आत नेलं. बायको आणि जावई तिच्याबरोबर गेले. मोजणीसाहेब बाहेर बाकावर. बाक ते दार किती पावलं, हे त्यांनी त्या दोन-अडीच तासांत एकदाही मोजलं नाही. एक वाजून दहा मिनिटांनी दार फटभर उघडलं. जावयाचं डोकं बाहेर आलं, "बाबा, मुलगी!" आणि दार लागलं. आतून आवाज आला नाही. मोजणीसाहेब उभेच राहिले. मग आवाज आला.

परत आल्यावर ते कार्यालयात गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर फाईल वाट बघत होती. पोटकलम तिच्या शेजारी बसले होते.

"खुलाशाचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी रजेचं कारण पूर्ण झाल्याचा पुरावा. नसेल तर खोटं कारण दाखवल्याची नोंद सेवापुस्तकात होते."

मोजणीसाहेबांनी नातीचा जन्मदाखला आणि विमानाच्या तिकिटाचा तुकडा अभिमानाने पुढे केला. पोटकलमांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. मग ते वर बघेनात.

"साहेब, जन्म अठरा तारखेला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी."

"हो."

"आणि तुमचं विमान इथून सुटलं अठरा तारखेलाच, दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी." त्यांनी चष्मा काढला. "बाळ जन्मलं तेव्हा तुम्ही अजून इथेच होता. कागद तसंच म्हणतात. तुम्ही तिथे नव्हतात."

सगळं कार्यालय टेबलाभोवती गोळा झालं. मोजणीसाहेब पांढरे पडले. सोळा तास, नकाशाची कड, दोनदा उगवलेला सूर्य, सरासरी, सगळं त्यांच्या ओठांवर आलं. पण आयुष्यभर त्यांनीच लोकांना सांगितलं होतं की तुमच्या बोलण्याला अर्थ नाही, कागद आणा. आणि आज कागद समोर पडले होते, दोन्ही खरे, आणि दोन्ही मिळून म्हणत होते की हा आजोबा तिथे नव्हता. एकदा खरोखर नव्हतो, ते कुठे लिहिलेलं नाही. आणि आता होतो, तर हे असं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांना जागा सापडेना.

पोटकलमांनी ते पाहिलं. त्यांनी पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि मिटून बाजूला सारलं. मग खुर्ची पुढे ओढून, कधी नव्हे तो हळू आवाजात विचारलं, "लगेच रडली का हो?"

"नाही," मोजणीसाहेब म्हणाले. "नऊ सेकंदांनी."

"नऊ?"

"जावई 'मुलगी' म्हणाला, तिथपासून. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पाच झाले, सहा झाले. सातव्याला मी दाराला हात लावला."

शिपाईमामा किटली तशीच हातात धरून उभे होते.

"आणि मग?"

"मग ती रडली. मग मी रडलो. ते किती वेळ, ते नाही मोजलं."

पोटकलमांनी पेन उघडलं. फाईलच्या कागदावर त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात शेरा लिहिला : 'अधिकारी प्रसूतीसमयी समक्ष हजर होते. खात्री झाली.' खाली सही केली, तारीख घातली, आणि वेळेचा रकाना कोरा ठेवून फाईल बंद केली.